अर्ध्यावरचा काटा

तेलीबांध्याच्या रस्त्यावर देवीदासचं गॅरेज होतं. इंजिन तापण्याच्या दुखण्यात त्याचा हात धरणारा मेकॅनिक रायपुरात नव्हता, असं निदान तो स्वतः तरी सांगायचा. बाकीचे गाडी आली की आधी पाना उचलतात. हा आधी गाडीभोवती चक्कर मारायचा, वास घ्यायचा, मालकाला चार प्रश्न विचारायचा. पण त्या सोमवारी ब्राह्मणपाऱ्याच्या श्रीपादभाऊंची जुनी पिकअप टोचन लावून दारात आली, तेव्हा त्याला काही विचारायचा धीर झाला नाही. सोबत भाऊंची मुलगी पूर्णिमा होती, आणि तिच्या आईचं, रमाबाईंचं तेरावं दोनच दिवसांपूर्वी झालं होतं.

झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मायलेकी रोज दुपारी याच गाडीतून नव्या रायपुरातल्या ऑफिसांना जेवणाचे डबे पोचवायच्या. त्या दिवशी परत निघताना रमाबाईंच्या छातीत कळ आली. पूर्णिमाने गाडी हॉस्पिटलकडे पिटाळली आणि त्या रुंद, ओसाड रस्त्यावर इंजिन जाम झालं. ना बस, ना ऑटो, ना झाडाची सावली. मदत मिळेपर्यंत पाऊण तास गेला, आणि रमाबाई त्या तापलेल्या केबिनमध्येच लेकीच्या मांडीवर गेल्या. तेव्हापासून श्रीपादभाऊ आल्यागेल्याला एकच गोष्ट सांगत होते. गाडी तापली, तापमानाचा काटा वर चढला, पण पोरीचं लक्षच नव्हतं.

"काका, मले फक्त एक सांगा," पूर्णिमा म्हणाली. "जळका वास आला होता. मी काटा पाहिला, मले वाटते तो अर्ध्यावर होता. म्हणून थांबली नाही. तो खरंच अर्ध्यावर होता, का मी आईले मारलं?"

"असं बोलू नको, पोरी. संध्याकाळी ये, पाहून सांगतो."

ती गेल्यावर त्याने बॉनेट उघडलं. रेडिएटर कोरडाठाक होता. वॉटर पंपाचं सील गेलेलं, खाली पाणी ओघळल्याचे पांढरे डाग. तेलाची पट्टी काढून पाहिली तर तेल दुधाच्या चहासारखं दिसत होतं. म्हणजे हेड गॅस्केट फुटून पाणी तेलात उतरलं होतं. इथवर सगळं सरळ होतं. मग त्याने चावी फिरवली. इंजिन मेलेलं असलं तरी बॅटरीत जीव होता. पंधरा दिवस बंद पडलेल्या, गार गाडीचा काटा टुणकन उठला आणि बरोबर अर्ध्यावर जाऊन थांबला.

देवीदासला याचं कारण शोधायची गरजच नव्हती. दोन वर्षांपूर्वी भाऊ ही गाडी विकायला निघाले होते. गाडी तेव्हाही तापायची आणि गिऱ्हाईक पाहायला येणार होतं. "एक दिवसापुरता काटा अर्ध्यावर बसवून दे ना बाप्पा," भाऊ म्हणाले, आणि देवीदासने हसत हसत सेन्सरची वायर सोडवून तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा रेझिस्टन्स जोडून दिला. मग इंजिन गार असो की तापलेलं, चावी फिरवली की काटा अर्ध्यावरच. असले उद्योग धंद्यात सगळेच करतात, अशी आपली समजूत घालून घ्यायची. गिऱ्हाईक आलंच नाही. पुढे नवा रेडिएटर टाकल्यावर गाडी तापायची थांबली, आणि काट्याचं दोघंही विसरले. गेल्या वर्षी पूर्णिमा गाडी शिकली, तेव्हा देवीदासनेच तिला पढवलं होतं की काटा अर्ध्यावर आहे तोवर भ्यायचं नाही.

त्याने फोन केला. श्रीपादभाऊ अर्ध्या तासात स्कूटरवर आले, काटा पाहिला आणि पडलेल्या टायरवर मटकन बसले.

"तुमच्या ध्यानात होतं, भाऊ?"

"तिसऱ्या दिवशी आठवलं," भाऊ म्हणाले. "तोवर चार लोकांत बोलून बसलो होतो." मग ते हात जोडू लागले. "काढून टाक ते. पोट्टी तरुण आहे, उद्या लग्न होऊन जाईन, विसरून जाईन. मले त्याच घरात राहायचं आहे, देवीदास. अन् तुझंही नाव निघंन यात."

या शेवटच्या वाक्याला देवीदास भ्याला, दुसरं काही नाही. भाऊंच्या दुःखाने विरघळलो असं तो पुढे स्वतःला सांगायचा, पण ते खोटं होतं. त्याने रेझिस्टन्स कापला, वायर पुन्हा सेन्सरला जोडली. भाऊंनी तो तुकडा उचलून सदऱ्याच्या खिशात टाकला आणि मान खाली घालून निघून गेले.

संध्याकाळी पूर्णिमा आली.

"वॉटर पंप गेला होता," देवीदास म्हणाला. "कोणाचाच दोष नाही."

"पंप गेला की काटा चढते ना, काका?"

"चढते."

"मग चढलाच असंन. मीच पाहिला नसंन."

इतक्या शांतपणे म्हणाली, की देवीदासला स्वतःची किळस आली. त्याने भडाभडा सगळं सांगून टाकलं: ते गिऱ्हाईक, तो दाण्याएवढा रेझिस्टन्स, आज गार इंजिनावर उठलेला काटा, तिच्या बापाने जोडलेले हात. "तू बरोबर पाहिलं होतं, पोरी. काटा अर्ध्यावरच होता. पाप माझं आहे अन् तुझ्या बापाचं आहे."

पूर्णिमाने सगळं ऐकलं. मग केबिनमध्ये चढून तिने चावी फिरवली. काटा तळाशी होता तिथून हलला नाही. गार गाडीत तो तिथेच असायला हवा.

"बराबर तर आहे, काका."

"मी आज दुपारी परत सेन्सरला जोडला! तो तुकडा तुझ्या बाबांनी नेला. आठव ना, सकाळी गार गाडीत काटा कुठे राहायचा?"

तिने डोळे मिटले. मनापासून आठवून पाहिलं, हे त्याला दिसत होतं. "नाही आठवत. पंधरा दिवस झाले, सगळे म्हणून राहिले मी पाहिलं नाही. आता तेच दिसून राहिलं मले. काटा वर चढलेला, अन् मी समोर रस्त्याकडे पाहून राहिली." ती खाली उतरली आणि त्याच्याकडे बघून हसली, आई गेल्यापासून बहुधा पहिल्यांदाच. "माझ्यासाठी एवढं खोटं बोलून राहिले तुम्ही. पण बाबांवर नका ना ढकलू. ते आधीच खचून गेले."

"माझ्या लेकरांची शपथ, खरं सांगून राहिलो!"

"हव, काका," ती म्हणाली. म्हाताऱ्या माणसाची समजूत काढावी तसं. गाडी आता आपण चालवणार नाही, एवढं सांगून तिने चावी त्याच्या तेलकट हातात ठेवली आणि ऑटो मिळतो का ते पाहायला रस्त्याकडे गेली.