सकाळीच चढवलीय

जुईनगरच्या त्या सोसायटीच्या सभेत, पाण्याच्या टाकीबद्दल बोलता बोलता मधुकरची जीभ अडखळली. शब्द लटपटले, तोंड एका बाजूला ओघळलं. सेक्रेटरी कमळाकर मोठ्याने म्हणाला, "चढलीय त्यांना. वहिनी, न्या घरी, झोपवा." सगळे हसले. जयमाला शरमेने मान खाली घालून नवऱ्याला घरी घेऊन गेली आणि खरंच झोपवलं. दारूच्या थेंबाला कधी न शिवलेला तो माणूस सकाळी उजवी बाजू गमावून जागा झाला.

"अर्धांगवायू," डॉक्टर म्हणाले. "तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं बोबडं झालं की तडक आणायचं असतं हो. झोपवायचं नसतं."

ते बोलणं आणि कमळाकरचं हसणं, दोन्ही तिने मनात जपून ठेवलं.

पुढे शहाण्णव सालच्या झेंडावंदनाला कमळाकर भाषण करत होता. मध्येच त्याच्या हातातला कागद गळून पडला. ओठाचा कोपरा लोंबला, बोलणं कळेनासं झालं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. जयमाला पुढेच उभी होती. तिने ओळखलं. आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सकाळीच चढवलीय वाटतं! उज्वलावहिनी, न्या घरी, झोपवा."

हशा पिकला. उज्वला नवऱ्याला धरून घरी घेऊन गेली.

घरी येऊन जयमालाने मधुकरला सगळं रंगवून सांगितलं. त्याने डावा हात पलंगावर आपटला. "जा."

"का जाऊ? तुमच्या वेळी आलं होतं कुणी?"

तो काठी ओढत स्वतःच दाराकडे निघाला आणि कपाटावर कोलमडला. तिने त्याला सावरलं. "बसा तुम्ही! जाते मी."

चडफडतच ती खाली गेली. कमळाकरच्या अंगावर चादर घातलेली होती.

"प्यालेले नाहीत ते, वहिनी. अर्धांगवायू आहे. दोन्ही हात वर करायला सांगा, एकच उठेल. रिक्षा बोलवा आधी!"

उज्वला थिजली. "तुम्हाला मघाशीच कळलं होतं?"

"कळलं होतं."

उज्वला रिक्षासाठी धावली.

कमळाकर वाचला. पाय ओढत चालू लागला, पण वाचा पुरती परतली नाही. एकदा जिन्यात त्याने जयमालाला थांबवलं. "वहिनी... मा... मा..." घाम फुटला त्याला. ती कठड्याला टेकून उभी राहिली. एका अक्षराचीही मदत तिने केली नाही. "माफ" हा शब्द त्याच्या तोंडून पुरा बाहेर पडेपर्यंत ती त्याच्या वाकड्या ओठाकडे बघत राहिली.

"ऐकलं," ती म्हणाली आणि पिशवी उचलून वर गेली. माफ मात्र तिने केलं नाही.