डावीकडची सीट

नवनाथचं बूड जागेवर टेकत नाही, ही त्याच्या बायकोची, राखीची, लग्नापासूनची तक्रार. पण तेव्हा निदान त्याच्या हातात स्टिअरिंग असायचं आणि सगळी चुळबुळ त्यात जिरून जायची. सातपूरला टेम्पोत माल भरायचा, कसारा घाट उतरायचा, भिवंडीला रिकामं व्हायचं, परत घाट चढायचा. उभी हयात यात गेली. आता मात्र तो जीपमध्ये डावीकडे बसतो. डावीकडे बसलेला ड्रायव्हर म्हणजे लग्नघरातली आत्याबाई. हातात काम काही नाही, पण लक्ष सगळीकडे आणि तोंड मोकळं.

डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला तेव्हा डॉक्टरांनी सरळच सांगितलं, काका, स्टिअरिंग सोडा. टेम्पो विकला. भंगारातून जुळवलेली एक जुनी जीप तेवढी उरली, ती त्याच्या मुलीने, संजनाने, ताब्यात घेतली. संजना सातपूरच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायच्या कामावर आहे. दर रविवारी ती जीपवाल्यांच्या एका ग्रुपबरोबर आडवाटा तुडवत फिरते, आणि शेजारच्या सीटवर नवनाथ. त्या सीटवरच्या माणसाला ग्रुपमध्ये ‘वाटाड्या’ म्हणतात. पुढची वाट वाचायची, चढाच्या टोकाला उतरून पलीकडे डोकावायचं आणि हाताने खुणा करायच्या, हे त्याचं काम. नवनाथला हा शब्द भलताच आवडला होता. कॉलनीत कुणी ‘जय भीम’ करून चौकशी केली, सध्या काय चाललंय, की तो ऐटीत सांगायचा, "वाटाड्या हाय मी."

उजवा डोळाही अधू व्हायला लागलाय, हे मात्र त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. राखीलाही नाही. सांगितलं असतं तर तीही सीट गेली असती, आणि मग घरात बसून पंख्याकडे बघण्यापलीकडे काय उरलं असतं?

येत्या डिसेंबरात ग्रुप जैसलमेरला निघाला होता. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवरून गाडी हाकायची, रात्री तंबूत राहायचं. संजनाने वर्षभर रजा साठवून ठेवल्या होत्या. आणि सराव? त्यासाठी नाशिकचंच एक वाळवंट होतं. हसू नका. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या बाजूला तिथल्या जुन्या राखेचा एक माळ आहे. पिठासारखी मऊ राख, वाऱ्याने तिचे उंचवटे झालेले, झाड म्हणाल तर नावाला नाही. ग्रुपने रीतसर परवानगी काढून तिथे गाड्या घालायला सुरुवात केली होती, आणि सगळे त्याला वाळवंटच म्हणत.

पण रस्त्यावरची अक्कल राखेत चालत नाही. घाटात उतारावर ब्रेकवरचा पाय काढायचा नाही, हे नवनाथच्या हाडांत भिनलेलं. राखेच्या उतारावर नेमकं उलटं. ब्रेक दाबला की चाकं थांबतात, राख थांबत नाही. मागची बाजू पुढे यायला बघते आणि गाडी आडवी होते. तिथे नाक सरळ खाली ठेवायचं आणि हलका ॲक्सिलरेटर देत सुटायचं. हे संजनाने त्याला घरी चार वेळा समजावलं होतं, त्याने चारही वेळा मान डोलावली होती.

आणि मागच्या रविवारी, उतार सुरू झाला मात्र, हा गडी ओरडला, "ब्रेक, ब्रेक मार!" ओरडून थांबला असता तरी चाललं असतं. याने हात घालून हँडब्रेकच ओढला. जीप गर्रकन आडवी झाली, एका बाजूची चाकं क्षणभर उचलली गेली, आणि कशी कोण जाणे, परत खाली टेकली. संजनाने गाडी सरळ घराकडे वळवली. कॉलनीच्या तोंडाशी तिने दूध घेतलं, घरी आली, पिशवी आईच्या हातात दिली आणि मग म्हणाली, "पप्पा, पुढच्या रविवारी शेवटची संधी. गाडीला हात लावलात, तर जैसलमेरला तुमच्या जागी ग्रुपमधला दिनेश येईल."

"जित्याची खोड हाय बाई ती," राखी म्हणाली. "मेल्याशिवाय जाईल व्हय?"

सगळ्यांनी खोड म्हणून सोडून दिलं, याचं नवनाथला बरंच वाटलं. खरी गोष्ट अशी होती, की त्या दिवशी उतार त्याला दिसलाच नव्हता. पायाखालची जमीनच गेली असं वाटून तो ओरडला होता.

आठवडाभर त्याला चैन पडलं नाही. जेवताना उठायचा, गॅलरीत जायचा, परत यायचा. समोरच्या बिल्डिंगच्या पाट्या वाचून बघायचा. सरळ समोरची वाचता यायची, तेवढ्यावर स्वतःची समजूत घालायचा. बाजूला काय आहे ते मान वळवल्याशिवाय कळत नव्हतं, ते तो मोजतच नव्हता.

रविवार उजाडला तो ढगाळ. माळावर ग्रुपच्या पाच-सहा गाड्या लागल्या होत्या. दिनेशही होता. सातपूरला त्याचं लेथचं वर्कशॉप, आणि कुणाची गाडी रुतली की दोर घेऊन पहिला धावणारा तोच. "नवनाथकाका, आज शांततेत घ्या हां," तो हसत म्हणाला.

"तोंडाला कुलूप लावून आलोय," नवनाथ म्हणाला. दिनेश भला पोरगा होता, पण आज नवनाथला त्याचं हसणंही सोसेना. माणसाची जागा जायची असली की ती घेणाऱ्याचे दातसुद्धा टोचतात.

संजनाने टायरमधली निम्मी हवा काढली, म्हणजे चाकं राखेवर पसरून चालतात. जीप निघाली. नवनाथने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पहिला उंचवटा गेला, दुसरा गेला. संजना छानच चालवत होती. ती वाट पाहत होती, हा आता बोलेल, मग बोलेल. हा बोलला नाही. तिसरा उतार आला, तरी नाही बोलला. "भारी, पप्पा!" ती म्हणाली. तिला मनापासून आनंद झाला होता. तो बघून त्याने मांड्यांखालचे हात आणखी घट्ट दाबले.

मग आली मोठी टेकडी. संजनाने गाडी चढवत नेली आणि माथ्याच्या जरा अलीकडे थांबवली. बॉनेटसमोर आता नुसतं आभाळ. पलीकडे काय आहे ते ड्रायव्हरला दिसायची सोय नाही. आता काम वाटाड्याचं.

नवनाथ उतरला, माथ्यापर्यंत गेला आणि पलीकडे पाहिलं. राख होती. ढगाळ उजेडात सावली कशाचीच पडत नव्हती. चढ कुठला, खड्डा कुठला, उतार किती, काही लागेना. वर करडं आभाळ, खाली करडी राख, मध्ये रेघसुद्धा नाही. तो अंदाजाने डावीकडे दोन पावलं सरकला आणि त्याचा पाय सरळ खाली गेला. तो मांडीपर्यंत राखेत घसरला, कोपर रोवून कसाबसा वर आला. डावी कड आतून पोखरलेली होती. त्याला ती दिसली नव्हती. ती त्याच्या पायाला लागली होती.

हे कुणी पाहिलं नव्हतं. कपडे झाडले की झालं. डावीकडे नको हे तर कळलंच होतं. आता उजवीकडे हात दाखवायचा. उजवीकडे बहुतेक सगळं ठीकच असणार. बहुतेक. घाटात धुकं दाटलं की त्याने असा अंदाजाने टेम्पो काढलाच होता की नाही? पण तेव्हा टेम्पोत माल असायचा. इथे काचेमागे संजना बसली होती, इंजिन चालू ठेवून, नजर त्याच्या हातावर लावून. हा जिकडे हात करील तिकडे ती काहीही न विचारता गाडी सोडणार होती.

नवनाथने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि एकमेकांवर आडवे धरले. थांब.

संजना इंजिन बंद करून धावत आली. "काय झालं? राखेने भरलात की सगळे!"

"दिनेशला बोलव."

"का? तुम्ही आज कुठे काय चुकलात?"

"मला दिसत नाय, संजना." तो म्हणाला. "उजव्यानंबी नाय दिसत. समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं काय बी नाय. तिथं कड फुटलीय, मी पडलो म्हणून कळलं."

ती कडेपाशी गेली, वाकून बघून परत आली. "कधीपासून?"

"गणपतीपासून."

"म्हणजे इतके रविवार तुम्ही मला अंदाजाने हात दाखवत होता?" तिचा आवाज चढला. "पप्पा, मी डोळे मिटून जात होते तुमच्या हातावर! मेलो असतो आपण!" आणि ती रडायलाच लागली, लहानपणी रडायची तशी, नाक ओढत, रागाने.

नवनाथला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण धीर झाला नाही. तो खाली मान घालून म्हणाला, "सांगितलं असतं, तर बसवलं असतंस का मला?"

संजनाने बाहीने नाक पुसलं. खोटं बोलायचं तिच्या मनात आलं असेलही. पण ती त्याचीच मुलगी.

"नसतं बसवलं," ती म्हणाली.

"मग?"

खाली दिनेश दोर खांद्यावर टाकून टेकडी चढायला लागला होता, काहीतरी अडलंय एवढं त्याला कळलं होतं. नवनाथला त्याची धाप ऐकू आली, माणूस दिसला नाही. त्याने वर मान करून हाक मारली, "दिनेश, ये रे! लवकर ये. पोरीला उतार दाखव." हाक खालपर्यंत गेली.

संजनाने किल्ली काढून खिशात टाकली. "जीप नंतर बघू," ती म्हणाली. "आधी तुम्हाला खाली नेते. उद्या मी रजा टाकते, आपण डॉक्टरांकडे जायचं. आईला मी नाही सांगणार, तुम्हीच सांगायचं."

"रजा नको मोडू. जैसलमेरला लागतील."

"गप्प बसा," ती म्हणाली, आणि त्याचा हात ओढून तिने आपल्या खांद्यावर ठेवला. "मी टाकते तिथेच पाय टाका. उजवीकडे खड्डा आहे."

नवनाथने उजवीकडे पाहिलं. त्याला नुसती राख दिसली. त्याने पाय तिच्या मागे टाकला.