डेन्मार्कची ट्यूबलाइट

माझा पुतण्या नितेश मुलुंडच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेला आणि त्याच्या घरात अंधार पडला. खरंच सांगतो. आधी घाटकोपरच्या खोलीत एकच ट्यूब होती. तिच्या उजेडात सगळं घर जेवायचं, अभ्यास करायचं, भांडायचं, आणि भांडताना समोरच्याचं तोंड तरी स्वच्छ दिसायचं. आता घरभर दिवेच दिवे, आणि आपण चप्पल कुणाची घातली ते खाली रिक्षात बसल्यावर कळतं.

ही सगळी कृपा प्रांजल मॅडमची. नितेश आणि त्याची बायको ऋतिका यांनी आणलेली इंटिरियरवाली. तिचं म्हणणं, घरातल्या प्रत्येक जागेचा एक मूड असतो, लाइट त्या मूडप्रमाणे निवडायचा. मी कुठे नाही म्हणतो? फक्त मूड प्रांजलचा आणि घर आमचं, एवढाच घोळ. हॉलमधले लाइट फॉल्स सीलिंगच्या खाचेत लपवलेत. उजेड छतावर पडतो, छत झकास दिसतं, खालची माणसं नाही दिसली तरी चालतं. बेडरूममध्ये उशीपाशी वाचायचे दिवे. या घरात व्हॉट्सअ‍ॅप सोडून कोणी काही वाचत नाही, पण दिवे आहेत. कपाट उघडलं की आत पट्टी पेटते, म्हणजे नितेशच्या शर्टांची सोय उत्तम. देवघरात देवांच्या पाठीमागून निळा लाइट, त्यामुळे गणपती आत्ता गाणं लावेल असं वाटतं. बाथरूममध्ये सेन्सर. माणूस जरा शांत बसला की लाइट जातो, मग आतल्या आत आरती ओवाळल्यासारखा हात फिरवायचा.

आणि किचन. तिथे ओट्यावर तांब्याच्या टोपीखाली एक पिवळा बल्ब लोंबतो. प्रांजलच्या भाषेत ‘कोझी’. त्या कोझीत माझी रुक्मिणी वहिनी, म्हणजे नितेशची आई, मासे साफ करते. गिरणी बंद पडून दादा घरी बसला तेव्हा या बाईने खानावळ चालवून घर ओढलं. तिला कोणी स्वयंपाक शिकवायला जाऊ नये. पण मध्यंतरी ऋतिकाचे आईवडील जेवायला आले, आणि तांबोशीच्या कालवणात खवलं निघाली. व्याहीबुवांच्या ताटात चमकत होती. त्या घरात चमकणारी तेवढी एकच गोष्ट.

ऋतिका वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तिने प्रेमाने सांगितलं की आई, तुम्ही खूप केलंत, आता आराम करा, पुढच्या महिन्यापासून स्वयंपाकाला बाई येईल.

मी गेलो तेव्हा वहिनी बाल्कनीत बसली होती.

“डोळे माझे बरे आसत, भावजी. डॉक्टरान तपासल्यान. उजेड आजारी आसा,” ती म्हणाली. “चूल गेली तर मी हय काय करू? मी आपली कणकवलेक जातंय.”

मी नितेशला बाजूला घेऊन सरळ सांगून पाहिलं की किचनमध्ये एक ट्यूब लाव, विषय संपव. त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं मी हॉलमध्ये म्हैस बांधायला सांगितली. म्हणाला, “काका, ट्यूब? हे काय रेशनचं दुकान आहे?”

ठीक. मी घाटकोपरला फ्लॅटची दलाली करतो. खिडकीबाहेर गटार असलं तर मी त्याला ‘वॉटर व्ह्यू’ म्हणतो आणि लोक पेढे घेऊन येतात. मला माहितीये, माणूस वस्तू घेत नाही, नाव घेतो.

एलबीएस रोडवरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून एक साधी पांढरी ट्यूब उचलली. कंपनीचा स्टिकर नखाने खरवडला. आंब्याच्या पेटीतला पेंढा एका लांब खोक्यात भरला आणि त्यात बाईसाहेबांना झोपवलं. मुलुंडला जाऊन सांगितलं की माझा एक डॅनिश क्लायंट, पवईला भाड्याने होता, परत जाताना हे मला भेट देऊन गेला. हिला लाइट म्हणायचं नाही. हिचं नाव ‘लिनिया’. तिकडे कोपनहेगनला लोक हिला किचनमध्येच लावतात, कारण खरं आयुष्य किचनमध्ये असतं.

नितेशने पेंढा हुंगला. “पॅकिंग पण सस्टेनेबल आहे,” तो ऋतिकाला म्हणाला. मी गाल आतून चावून धरला.

इथपर्यंत सगळं मस्त. पण मग त्याने प्रांजलला बोलावलं. मला वाटलं, वाट लागली, पोरगी शिकलेली आहे, ओळखणार. ती खोक्यासमोर गुडघ्यावर बसली, ट्यूबवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, किती प्रामाणिक डिझाइन आहे. मग उठून म्हणाली की इतकी सुंदर वस्तू किचनमध्ये फुकट घालवायची? ही हॉलच्या मधोमध लागायला हवी.

आणि लागली. किचन तसंच कोझी. मी माझी लबाडी इतकी छान विकली होती की ती वहिनीच्या डोक्यावरून हॉलमध्ये गेली. वहिनीने कणकवलीला न्यायची बॅग कपाटावरून काढून पलंगाखाली ठेवली.

पुढच्या रविवारी नितेशने ऑफिसातल्या मित्राला, अनयला, सपत्नीक बोलावलं. लिनिया दाखवायला, अजून कशाला? जेवण बाहेरून येणार होतं. आम्ही सोफ्यावर, डोक्यावर डेन्मार्क. अनय मान वर करून म्हणत होता की फरक जाणवतो, यार.

तेवढ्यात वहिनी बाहेर आली. एका हातात विळी, दुसऱ्या हातात तांबोशीची टोपली, काखेत जुना पेपर. सेंटर टेबल पायाने सरकवलं, गालिच्यावर पेपर पसरला, बरोबर ट्यूबच्या खाली बसली आणि खवलं काढायला लागली. एक उडून अनयच्या सॉक्सवर बसलं.

ऋतिका म्हणाली, “आई, हे काय? इथे?”

“हय दिसता,” वहिनी म्हणाली, आणि दुसरा मासा घेतला.

ऋतिका उठून किचनमध्ये गेली, तिथे खरंच दिसत नाही का ते बघायला. आतून बटणाचा आवाज आला. मग फळीवर सुरी. मग “आई गं.” बाहेर आली ती बोट तोंडात धरून. नितेशसमोर उभी राहिली.

“ती लिनिया काढ आणि ओट्यावर लाव. आत्ता.”

“अगं, पण प्रांजल म्हणाली की...”

“प्रांजलला सांग, इथे येऊन कांदा चिरून दाखव.”

अनयनेच स्टूल धरलं. पाहुण्यांसमोर ट्यूब उतरली आणि किचनमध्ये चढली. वहिनी टोपली घेऊन आत गेली, आणि बाहेरून येणारं जेवण नितेशला फोन करून रद्द करावं लागलं. कालवणात एकही खवल नव्हतं. अनयने भात तीनदा घेतला. स्वयंपाकाच्या बाईला ऋतिकाने त्याच दिवशी नको म्हणून कळवलं, आणि पलंगाखालची बॅग परत कपाटावर गेली.

मी खूश होऊन हात धुवायला किचनमध्ये शिरलो. वहिनी कंबरेवर हात ठेवून उभी होती आणि पहिल्यांदाच लख्ख उजेडात आपलं किचन बघत होती. चिमणीच्या जाळीवर तेलाचा थर. फ्रिजच्या वर धूळ. मिक्सरच्या मागे काहीतरी, ते काय होतं मी सांगत नाही. तिने टाइल्सवरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं आणि शांतपणे हाक मारली.

“ऋतिका, जरा हय ये गो.”

मी हात न धुताच सटकलो.