पोहण्याचे सर माझ्यावर बसले तेव्हा

मित्रांनो, माझा एक पाय किंचित आखूड आहे. बाकी मी चांगली भक्कम, हातांची जुनी लाकडी खुर्ची आहे. सुताराने मला मन लावून घडवलं, वाचनालयातल्या लोकांनी माझं कौतुक केलं. वर्षानुवर्षं राबून मी डुगडुगू लागले, तशी माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून मला एका इस्पितळातल्या समुपदेशक बाईंनी आणलं. मन आजारी पडलेली माणसं त्यांच्याकडे येतात आणि माझ्यावर बसतात.

एकदा पोहायला शिकवणारे एक सर आले. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात आणि पाय लुळे पडले होते. पाय सुधारत होता, पण सरांनी व्यायाम, जेवण, बोलणं, सगळंच टाकलं होतं.

"सगळे यांना धीर धरा म्हणून सांगतात," सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "हे भिंतीकडे तोंड करून पडतात."

बाई सरांकडे वळल्या. "मी धीर धरा म्हणणार नाही. झटक्यानंतर अशी उदासी पुष्कळांना येते. तो तुमचा कमकुवतपणा नाही, आणि त्यावर उपचार आहेत. जगणं नकोसं वाटतं का?"

सरांच्या डाव्या हाताची बोटं माझ्या हातावर आवळली. "वाटतं."

त्या दिवशी बाईंनी डॉक्टरांनाही बोलावून घेतलं. औषध सुरू झालं. सर दर आठवड्याला येऊ लागले. कधी कधी सगळा वेळ गप्पच. बाई घाई करत नसत. एकदा त्यांनी विचारलं, "तलावावर का जात नाही?"

"पोरं कीव करतील."

"केली का कुणी?"

"नाही. मला आपलं वाटतं."

"मग नुसतं काठावर बसून पाहाल?"

पुढच्या खेपेला सर आले ते बोलतच. "एका चिमुरडीने विचारलं, सर, तुमचा हात पाण्याला घाबरतो का? मी म्हटलं, हो. आता त्यालाही शिकवायचंय." त्यांच्या पत्नी हसता हसता रडू लागल्या.

हात काही पहिल्यासारखा झाला नाही. मधूनच उदास आठवडे यायचे. तरी सर येत राहिले. हल्ली ते काठावरून पोरांना दम भरतात, असं ऐकते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं गप्प झालं, तर त्याला बाईंसारख्या जाणत्या माणसाकडे न्या. आणि घरी त्याच्या शेजारी बसा. काय होतंय ते विचारा, आणि उत्तर यायला कितीही वेळ लागला तरी उठू नका.