जहाजाचं परसदार

अकरा कादंबऱ्या, आणि अकराही कादंबऱ्यांत तोच शब्द. जहाजाच्या मागच्या टोकाला खलाशी ‘वरामा’ म्हणतात. पण वाचक ज्याला लाडाने ‘कप्तान’ म्हणतात त्या लेखकाचा प्रत्येक नायक संध्याकाळी ‘परसदारी’ जाऊन बसतो. आमचे प्राध्यापक त्यावर फिदा. खलाशांची जिवंत बोली म्हणे! मी आठ निवृत्त खलाशांना विचारलं. आठही जण हसले. "जहाजाला कसलं आलंय परसदार?"

समीक्षक म्हणून माझी ख्याती काही बरी नाही; मी पुस्तकांची सालटी काढतो, असं लोक म्हणतात. पण या शब्दाने माझं डोकं फिरलं त्याला कारण होतं. तो मी आणखी एकाच ठिकाणी वाचला होता, बाबांच्या पत्रांत. बाबा खलाशी. मी सात वर्षांचा असताना ते समुद्रातच गेले. त्यांचा चेहरासुद्धा मला धड आठवत नाही. मला मिळाले ते बाबा पत्रांतलेच. ‘परसदारी बसलो की तुझी आठवण येते,’ असं आईला, आणि शेवटी न चुकता, ‘बाळ्याला पापा’.

कप्तान बाबांच्याच जहाजावर होता. त्यांची पेटी घरी आणून दिली ती त्यानेच. तेव्हा आईने त्याला पत्रं दाखवली असणार आणि गड्याने डल्ला मारला असणार. एका समारंभात त्याला या शब्दाबद्दल छेडलं तर नुसता हसला. त्यातून आईच्या फळीवर त्याची अकराही पुस्तकं. मनात नको नको ते यायचं.

लेख तयार होता : ‘उचललेलं परसदार’. संपादकाला पाठवण्याआधी सकाळीच आईकडे गेलो. ती खिडकीशी बसून उशीचा अभ्रा शिवत होती.

"आई, खरं सांग. बाबांची पत्रं तू त्या माणसाला वाचायला दिली होतीस ना?"

"त्यांना कशाला वाचायला देऊ?" सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणाली. "त्यांनीच तर लिहिलीत ती."

"म्हणजे?"

"तुझ्या बाबांना सहीपुरतंच यायचं रे. भावजी लिहून द्यायचे. वरामा म्हणजे काय ते मला कळेना, म्हणून त्यांनीच त्याचं परसदार केलं."

मी फळीवरची पहिली कादंबरी ओढली. आत शाईने लिहिलं होतं, ‘वहिनींना’. पत्रांतला तोच पोट फुगलेला ‘व’. एका माणसावर मी त्याचाच शब्द चोरल्याचा आळ घेणार होतो. लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू ती पत्रं उशाखाली घेऊन झोपायचास."

"मग बाबा काय सांगायचे?"

"‘खुशाल आहे म्हणून लिही.’ एवढंच. बोलायचेच कमी ते. बाकीचं भावजी घालायचे."

"आणि ‘बाळ्याला पापा’?"

आईचा हात थांबला. अभ्रा मांडीवर ठेवून तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"ते मी कधी विचारलं नाही," ती म्हणाली. "तूही विचारू नकोस."