उजव्या नाकपुडीतली चमकी

लाल दिव्याखाली माणसं दाटीवाटीनं बसली होती. समोर पुरुषभर उंचीचा कोरा कागद टांगलेला.

"पांढरा उजेड आत्म्याला सोसत नाही," असं म्हणत छायानंद महाराजांनी स्पंजनं त्यावर तीर्थ फिरवलं.

आधी केस आले. मग डोळे. माझी आशा!

"ताई!" माझी मेव्हणी स्नेहा रडायला लागली. बायकांनी हात जोडले.

मी मात्र जळत होतो. आशा गेल्यापासून माझ्या स्वप्नातसुद्धा आली नाही, आणि बहिणीसाठी गंगापूर रोडच्या हॉलमध्ये आली? नवरा मी!

मग महाराजांनी दुसरं पाणी फिरवलं आणि ओळखीचा आंबट वास आला. आमच्या सिडकोतल्या बाथरूमचा वास. तिथं आशा लाल दिव्यात दाराएवढे फोटो धुवायची. अंबडच्या कारखान्यातली ड्युटी संपवून आलो की कागदाचं एक टोक मी धरायचो.

मी नीट बघितलं.

"महाराज, हिची चमकी डावीकडे असायची. इथं उजवीकडे आहे. पदरसुद्धा उजव्या खांद्यावर."

"परलोकात डावं-उजवं उलटतं, बाळा."

"बाळ रिटायर व्हायला आलाय. स्नेहा, यांना काय दिलं होतंस?"

"मृताच्या हातची वस्तू मागितली होती. ताईनं जपलेल्या निगेटिव्ह दिल्या, तिच्या स्वतःच्या फोटोचीसुद्धा. का हो, दाजी?"

पुढचा कोरा कागद पहिल्या रांगेतल्या चतुराबाईंच्या सासूसाठी टांगला, तशी मी ट्यूबलाइट लावली. "आता फिरवा तीर्थ." महाराज हलेनात. चतुराबाईंनीच स्पंज ओढून घेतला आणि फिरवला. कागद काळाकुट्ट झाला.

"लय गोरी होती वो माझी सासू!" त्या ओरडल्या. हॉल हसला.

मी सगळ्यांना सांगितलं. निगेटिव्हमधून कागदावर आधीच प्रकाश पाडून ठेवतात. चित्र उमटलेलं असतं, पण दिसत नाही. तीर्थ म्हणजे ते दिसायला लावणारं औषध, आणि दुसरं आंबट पाणी त्या औषधाचं काम थांबवणारं. लाल उजेड या कागदाला चालतो, पांढऱ्यानं तो वाया जातो. सोसत नाही ते कागदाला. आणि निगेटिव्ह उलटी लावली की चमकी बाजू बदलते. आशानं ही चूक कधी केली नसती.

निगेटिव्ह परत घेऊन निघालो. रिक्षात स्नेहा म्हणाली, "म्हणजे ताई माझ्याकडे आलीच नाही?"

"कोणाकडेच आली नाही."

हे म्हणताना मला बरं वाटलं. तिचा चेहरा पाहिला आणि ते बरं वाटणं टिकलं नाही.

रविवारी तिला घरी बोलावलं. निगेटिव्ह सुलटी लावली. कागदाचं एक टोक मी धरलं, दुसरं तिनं. चमकी डावीकडे आली.

गेलेलं माणूस परत येत नाही. कोणी आणून दाखवतो म्हणाला, तर आधी त्याला दिवा लावायला सांगा.