टपावरचा खड्डा

सून कवळ्या बनवायची. दंतवैद्याच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. तिथे बसून ती दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे ओतायची, गुलाबी हिरड्या घासायची, दात ओळीत बसवायची. संध्याकाळी घरी आली की हात धुऊन पुन्हा तेच: करवत, पॉलिश पेपर, ब्रश. फक्त दातांऐवजी मोटारी. खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या, प्लास्टिकच्या, सुट्या भागांत खोक्यातून येणाऱ्या. लोक त्या खोक्यावरच्या चित्राबरहुकूम जोडतात आणि कपाटात मांडतात. हिला ते चित्र जसंच्या तसं आवडेल तर शपथ. एकीचं बॉनेट दुसरीला लावायचं, मडगार्ड फुगवायची, डिकी कापून लांब करायची, यातच तिचा जीव रमायचा.

नवऱ्याची काही तक्रार नव्हती. जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकचा भुसा दिसला नाही म्हणजे झालं. अडचण होती सासऱ्यांची. ते छत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. कोऱ्या करकरीत गाडीवर करवत चाललेली त्यांना बघवायची नाही. कारखान्यातली माणसं काय झोपा काढत होती, म्हणून ही घरात बसून सुधारणा करते, असं ते मुलाला ऐकवायचे. सुनेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

त्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला कायमची मनाई केली. नजरेचा मधला भाग धुरकट झाला होता. कडेकडेचं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं ते नेमकं गायब. सासऱ्यांनी किल्ली मुकाट्याने मुलाच्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवसापासून घर चालवायला घेतलं. पायपुसणं कुणी सरकवलं, नळ कोण ठिबकता ठेवतं, दूध चुकीच्या कप्प्यात कसं गेलं. मुलगा ऑफिसात पळून जाई. सुनेला पळायला जागा नव्हती, कारण तिचं टेबल सासऱ्यांच्या खोलीच्या दारालाच खेटून होतं.

एका रविवारी दुपारी तिने पहिल्यांदाच टप उतरवायचं धाडस केलं. म्हणजे खिडक्यांमधले सगळे खांब चार-चार मिलिमीटर कापायचे आणि टप खाली आणून पुन्हा चिकटवायचा. गाडी कशी टोपी डोळ्यांवर ओढल्यासारखी दिसते. खांब तर तिने लोण्यासारखे कापले. टप खाली ठेवला आणि तिच्या तोंडाचा चंबू झाला. मागे जुळवावा तर पुढे काचेच्या खांबांपर्यंत पोचेना, पुढे जुळवावा तर मागे फट. अर्धा तास ती टप पुढे-मागे सरकवत बसली.

दारातून आवाज आला, "पुरत नाही ना?"

तिला वाटलं, आता तासभर भाषण ऐकावं लागणार. पण सासरे खुर्ची ओढून जवळ बसले. पुढचे खांब मागे कललेले असतात, ते म्हणाले. मधून कापले की खाली उरलेल्या खुंटांची टोकं पुढेच राहतात, मग टप तोकडा पडणारच. त्यांच्या डेपोत एकदा बसची बॉडी लांबवली होती. मिस्त्रीने टप मधोमध आडवा कापला, दोन्ही तुकडे आपापल्या जागी बसवले आणि मधे पट्टी घातली.

"टपच कापायचा?" सुनेने विचारलं.

"एवढी चिरफाड केलीस, आता लाजतेस कशाला?"

तिने टप कापला. दोन्ही तुकडे असे बसले की जणू तिथेच जन्मले होते. मधली फट तिने प्लास्टिकच्या पट्टीने भरली आणि वरून खाचा बुजवायची लांबी म्हणून कवळ्यांचंच गुलाबी मिश्रण थापलं, कारण दुसरं घरात नव्हतं. वाळल्यावर घासघासून गुळगुळीत केलं, गाडी दिव्याखाली धरली, समाधानाने मान हलवली आणि ती सासऱ्यांच्या हातात दिली. निदान कौतुक तरी करतील.

सासऱ्यांनी गाडी बघितलीच नाही. बघून उपयोगही नव्हता. त्यांनी टपावरून मधलं बोट फिरवलं, सावकाश, पुढून मागे.

"इथे खड्डा आहे," ते म्हणाले. "आणि हा गतिरोधक."

सुनेने भिंग लावलं. काही दिसेना. नसेल पटत तर राहू दे, असं सासरे म्हणाले, तेव्हा तिला चेव आला. तिने टपावर पातळ करडा रंग फवारला. रंग वाळला, आणि बोट थांबलं होतं बरोबर तिथे एक उथळ सावली उमटली. केसभरसुद्धा नसेल. तिने गुपचूप पुन्हा लांबी भरली.

मग तोच परिपाठ झाला. ती संध्याकाळी घासायची, सासरे बोट फिरवून निकाल द्यायचे. डाव्या दाराशी चढ, मडगार्डावर खडी, बॉनेट झकास, इथून सुसाट जावं. पायपुसण्याचा विषय घरात निघेनासा झाला. पुढची जाळी नवऱ्याने झाडताना व्हॅक्युम क्लीनरमध्ये घालवली, तेव्हा सुनेने दवाखान्यामागच्या खोलीतले उरलेसुरले खालचे दात आणून एका ओळीत बसवले. ही हसतेय की चावतेय, एवढंच सासऱ्यांनी विचारलं.

महिन्याभराने ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन भरलं. लांबच लांब टेबलं, पांढरे कागद, त्यावर ऐंशी-नव्वद गाड्या, आणि प्रत्येक टेबलावर पाटी: कृपया हात लावू नये. सून आपली दात विचकणारी गाडी मांडण्यात गुंतली होती. सासऱ्यांना पाटी दिसायचा प्रश्नच नव्हता. ते सरळ पहिल्या टेबलाशी गेले आणि पहिल्याच गाडीवर त्यांनी बोट ठेवलं.

ती गाडी घड्याळजींची होती. घड्याळजी म्हणजे या मंडळींतलं मोठं प्रस्थ. गेली सहा वर्षं पहिलं बक्षीस त्यांच्याच घरी जात होतं. काळी कुळकुळीत, आरशासारखी गाडी, आणि तिच्यावर एक परका म्हातारा आरामात बोट फिरवतो आहे. घड्याळजींचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी वाचता येतं का असं विचारलं.

"नाही, हल्ली नाही येत," सासरे शांतपणे म्हणाले. "डाव्या दारामागे खड्डा आहे तुमच्या."

सुनेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती धावत येऊन माफी मागू लागली, डोळ्यांचं सांगू लागली. घड्याळजी तिचं काही ऐकत नव्हते. त्यांनी गाडी उचलली, खिडकीपाशी नेली, उजेडात तिरकी धरली, डोळ्याला आपलं धंद्याचं भिंग लावलं. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग परत येऊन त्यांनी गाडी जागेवर ठेवली.

"आहे," ते म्हणाले. आणि जरा खालच्या आवाजात, "उजवी बाजू कशी वाटते?"

त्यानंतर काय झालं ते सुनेला नीटसं सांगता यायचं नाही, कारण गर्दीतून तिला पुढे जाताच येईना. सासऱ्यांना कुणीतरी खुर्ची आणून दिली होती. ज्याची-त्याची गाडी पुढे येत होती. पाट्या तशाच होत्या, पण त्या फक्त बाकीच्यांसाठी. काहीजण ऐकून हिरमुसले, एकजण तर रुसून खोकं भरायला लागला, पण अर्ध्या तासाने तोच रांगेत शेवटी उभा दिसला. सासरे कुणाची भीड ठेवत नव्हते. बक्षीस पुन्हा घड्याळजींना मिळालं. सुनेच्या गाडीपाशी मात्र लोक थांबून स्वतःचे दात चाचपत होते.

घरी येताना गाडीत सासरे मागच्या सीटवर बसले आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी मुलाला गिअर कधी बदलावा हे शिकवलं नाही.

पुढच्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात घड्याळजी, काखेत बुटांचं खोकं. सुनेने हसून या म्हटलं, टेबल आवरायला घेतलं. पण त्यांची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली.

"बाबा आहेत ना घरात?"

बाबा होते. इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. फोनवर ठरलंच होतं म्हणे. तासाभरात प्रदर्शनातल्या रांगेतले एक रंगारी आणि एका शाळेतल्या बाई, दोघंही आपापली खोकी घेऊन हजर झाले. सून चहाचे कप घेऊन आत-बाहेर करत राहिली. शेवटी तिने आपलं नुकतंच घासलेलं मडगार्ड सासऱ्यांसमोर धरलं.

"बाबा, हे जरा बघता?"

सासऱ्यांनी वळूनही पाहिलं नाही. शाळेतल्या बाईंच्या डिकीवर त्यांचं बोट होतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "नंबर लाव."